वायरलेस कार स्टिरिओ घेताय? आधी हे बघा

गाडीत नवीन स्टिरिओ टाकणार असाल तर डब्यावर नुसतं ब्लूटूथ लिहिलंय म्हणून घेऊ नका, ब्लूटूथवर गाणी आणि कॉल चालतात पण मॅप स्क्रीनवर पाहिजे असेल तर वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोन असेल तर कारप्ले (फोनमधले मॅपसारखे अ‍ॅप स्टिरिओच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) आहे का ते नीट विचारा, कारण बरेच सेट केबलनेच चालतात. वायरलेस अँड्रॉइड ऑटोला फोन साधारण अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा आणि ५ गिगाहर्ट्‌झ वायफायवाला लागतो, म्हणून दुकानात स्वतःचाच फोन जोडून बघा. गाडी बंद करून परत चालू करा, आपोआप कनेक्ट झाला पाहिजे.

माईक बाहेरचा, वायरवाला घ्या. मी तो आरशाजवळ लावलाय, कसारा घाटात ट्रकांच्या आवाजातही घरच्यांना माझं बोलणं नीट ऐकू जातं, आधीच्या सेटमध्ये नुसती घरघर जायची.

आणि फिटिंगवाल्याला ओरिजिनल वायरी कापू देऊ नका हो! तुमच्या गाडीचा कपलर (वायरी न कापता जोडायचा प्लग) मिळतो, तोच लावायला सांगा. पिवळी वायर कायम सप्लायची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायची, या दोन उलट्या लागल्या तर गाडी बंद केली की सगळं सेटिंग उडतं.