एमपीएच करू की प्लॅनिंग? नाशिकमधून थोडं अनुभवाचं

निकाल लागले की बीएचएमएस, आर्किटेक्चर नाहीतर साधं बीए झालेली मुलं हाच प्रश्न घेऊन येतात: एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू, प्लॅनिंग (नगरनियोजन) करू, का पब्लिक पॉलिसी? मी एमपीएच केलं आणि आज माझा निम्मा वेळ नगररचनेच्या कागदांत जातो. तेव्हा सरळ उत्तर माझ्याकडून मिळणं अवघडच. मी आधी एक काम सांगते. आपल्या प्रभागाचा डीपी, म्हणजे विकास आराखड्याचा नकाशा, मिळवा. त्याच भागातली मागच्या पावसाळ्यातली डेंग्यूची आकडेवारी मिळवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना गोडी लागली, तर जरूर या.

डेंग्यूच का? एडीस डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. पिंप, माठ, कूलरचा ट्रे, सगळं रिकामं करून घासायचं. सल्ला बिनचूक आहे. पण आशाताईंबरोबर वस्तीत फिरताना एका बाईंनी विचारलं, "ताई, पाणी पहाटे येतं, तेही करंगळीएवढं. पिंप ओतून दिलं तर दिवसभर पोरांना काय पाजू?" गंगापूर धरण शहराच्या इतकं जवळ, आणि यांचं मात्र धरण उशाला, कोरड घशाला. लेआउट मंजूर झाले, इमारती उठल्या, जलकुंभ मागे राहिला. लाइनीच्या टोकाला दाब पोचत नाही, म्हणून साठवण, आणि साठवण म्हणून डास. धुरळणीची गाडी येते तेव्हा फोटो छान निघतात, पण तो धूर उडत्या डासांपुरता. पिंपातल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही. आरोग्य विभाग अळ्या सापडलेली भांडी मोजतो, पाणीपुरवठा विभाग एमएलडी, म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर, मोजतो. या दोन तक्त्यांची गाठ घालून देणं हे आपलं काम, पदनाम काही का असेना.

ही दोन शास्त्रं मुळात वेगळी नव्हतीच. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला: दाट वस्त्यांत हवा यावी, म्हणून रुंद रस्ते. (त्यात गरिबांची घरं किती पाडली गेली, तेही वाचा. आरोग्याच्या नावाखाली घरं पाडण्याची सवय तेव्हापासूनची.) पुढे डॉक्टर एका मजल्यावर बसले आणि नगररचनाकार दुसऱ्या.

आता जरा रुक्ष वाटेल असा भाग, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. डीपीत मैदान, बगीचा, शाळा, दवाखाना यांसाठी जागा राखून ठेवतात, त्याला आरक्षण म्हणतात. जमीन बहुतेक वेळा खासगी असते. महापालिकेने ती पैसे देऊन किंवा टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क) देऊन घ्यायची. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द होतं. मालकाच्या बाजूनेही न्याय आहे, त्याने जन्मभर अडकून का पडावं? पण नकाशावरचा दवाखाना गेला की त्या भागातली गरोदर बाई तपासणीसाठी दोन रिक्षा बदलून जाते, आणि एखाद्या महिन्यात जातच नाही. ही गोष्ट कुठल्या आरोग्य अहवालात 'कलम १२७' म्हणून नोंदली जात नाही. नाशिकचा सध्याचा आराखडा २०१७ च्या सुरुवातीला मंजूर झाला, म्हणजे ही दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. प्रबंधाला विषय शोधत असाल तर आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी करा, प्रत्येक जागेवर जाऊन या, आज तिथे काय आहे ते लिहा. नाशिकमध्ये यापेक्षा निकडीचा विषय मला तरी दिसत नाही.

पूररेषेचंही तसंच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून आपण पूर मोजतो. कागदावर त्यासाठी निळी रेषा असते, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषांत कोण राहतं हे बघा, पावसाळी आजारांचा नकाशा अर्धा तिथेच समजतो.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. आरोग्यासाठी मुंबईचं टिस आणि पुणे विद्यापीठ, नियोजनासाठी पुण्याचं सीओईपी किंवा अहमदाबादचं सेप्ट, अर्थशास्त्राच्या अंगाने धोरण शिकायचं तर पुण्याची गोखले संस्था. एमपीएचला डॉक्टरच लागतात असा समज आहे, पण बऱ्याच ठिकाणी इतर पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. उलट एमपीएससीतून नगररचनाकार व्हायचं असेल, तर स्थापत्य, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगची पदवी हवी, तिथे बीएचएमएस चालत नाही. हे आधी कळलेलं बरं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजपासून शिका. आणि सरकारी मराठी वाचायची सवय लावा. ठराव, टिपणी, प्राकलन (खर्चाचा अंदाज) हे ज्याला वाचता येत नाही, त्याला महापालिकेत कोणी दाराशीही उभं करत नाही, मग डिग्री कुठलीही असो.

सिंहस्थामुळे सध्या कामं बरीच आहेत. २००३ च्या सिंहस्थात अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. २०१५ ला रामकुंडावरचा भार कमी व्हावा म्हणून घाट लांब-लांब बांधले गेले आणि कुंभातल्या दवाखान्यांत रुग्णनोंद टॅबलेटवर झाली. कुठे जुलाब वाढतायत ते लगेच दिसावं, हा हेतू. नियोजन आणि आरोग्य एकाच टेबलावर बसलेलं बघायचं, तर अशी संधी बारा वर्षांनीच येते. पदं मात्र बहुतेक कंत्राटी, राष्ट्रीय आरोग्य अभियानासारखी ११ महिन्यांची. रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: पगार कोण देणार, महापालिका की एजन्सी, फिरतीचा भत्ता आहे का, आणि तुम्ही गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरायची परवानगी मिळेल का. तिसरी बहुतेक जण विचारत नाहीत.