टौरंगाला जहाज लागल्यावर रोटोरुआ पाहायचंय?

बडोद्याहून मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जाणारी आपली मंडळी हल्ली तिथून न्यूझीलंडची क्रूझही जोडून घेतात. टौरंगा बंदरावरून रोटोरुआची गरम कुंडं, उकळता चिखल पाहायला चार-सहा जणांनी मिळून खासगी गाडी केली तर खरंच निवांत बघता येतं. पण जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून परत चढायच्या शेवटच्या वेळेआधी दीड-दोन तास बंदरावर पोहोचायचं, हे चालकाला निघतानाच सांगा. नुसतं रोटोरुआच एका बाजूने तासाभरावर आहे.

वाय-ओ-टापू हा गरम कुंडांचा परिसर त्याहून पुढे. तिथला लेडी नॉक्स गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, साबण टाकून रोज सकाळी १०.१५ला उडवतात, जहाज उशिरा लागत असेल तर त्याच्यामागे धावू नका. रोटोरुआतल्याच ‘ते पुइया’ या ठिकाणचा पोहुतू गीझर दिवसातून अनेकदा आपणहून उसळतो, कधी ३० मीटरपर्यंत! माझ्या मते तोच गाठावा.

हवेतल्या गंधकी वायूने चांदी काळी पडते. जोडवी-पैंजण केबिनमध्येच ठेवा. लीलो चेवडो, ठेपले, फळंही जहाजावरच राहू द्या. खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेण्याचे नियम तिथे फार कडक आहेत, न सांगता नेल्यास जागेवर दंड होतो.