नाटकाचा ग्रुप काढताय? मग दुसऱ्या नाटकाचा विचार आधी करा

ग्रुप काढायचं ठरलं की लोक आधी नाव ठरवतात, मग लोगो, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि मग कधीतरी कुणीतरी विचारतं की अरे पण नाटक कुठलं करायचं. पहिलं नाटक होतंच, त्याची काळजी नसते, उत्साह असतो, घरचे येतात मित्र येतात टाळ्या पडतात. आणि त्यानंतर सगळं थंड. असे बरेच ग्रुप विरलेले पाहिलेत, म्हणून सांगते की पहिल्या दिवसापासून काहीही ठरवताना एवढंच विचारा, याने आपलं दुसरं नाटक सोपं होणार की अवघड?

संहिता निवडताना हेच धरून चला. चार ते सहा पात्रं, एकच नेपथ्य, पाऊण-एक तासाची एकांकिका, बास. मोठं दोन अंकी नाटक पहिल्यांदाच घेतलं तर माणसं दमतात आणि एकमेकांवर चिडून घरी जातात. आणि एकांकिकेत नव्या लेखकाला जागा मिळते हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत प्रोव्हिन्सटाउन नावाच्या समुद्रकाठच्या गावात 1915 मध्ये काही लेखक-चित्रकार मंडळींनी असाच हौशी ग्रुप काढला, धक्क्यावरच्या एका मासळीच्या गोदामात एकांकिका करायचे, आणि 1916 मध्ये युजीन ओनीलचं नाटक रंगमंचावर पहिल्यांदा आलं ते तिथेच, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, नोबेल मिळालं 1936 मध्ये. तुमच्या आसपास पण कोणीतरी लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असतं, विचारा, वाचायला मागा.

दुसऱ्याचं नाटक करणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या, तिकीट लावणार नसाल तरी घ्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचीही. भारतात लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात, बऱ्याच देशांत 70, त्यामुळे जुनं आहे म्हणजे फुकट आहे असं धरू नका. पार्श्वसंगीताला कुठलंतरी गाजलेलं गाणं उचलून लावणं पण टाळा, त्यापेक्षा पेटी-तबला वाजवणारा कोणी जवळचा शोधा, एक माणूस जोडला जातो ना.

तालमीला सहा ते आठ आठवडे धरा, आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास. पहिला आठवडा नुसतं वाचन, गोल बसून, कोणीही उभं राहायचं नाही. मग हालचाली बसवायच्या, आणि चौथा आठवडा संपेपर्यंत हातातला कागद सुटलाच पाहिजे, कागद हातात असेपर्यंत समोरच्या नटाकडे कोणी बघत नाही. तालीम सातला म्हणजे सातलाच, दोनच जण आले असतील तर त्या दोघांचा प्रवेश घ्या पण थांबून राहू नका. वेळेवर येणाऱ्याला रोज ताटकळत ठेवलं की तो पुढच्या नाटकाला येतच नाही, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो.

जागेचं माप हा विषय मात्र मनावर घ्या. आमची तालीम एका छोट्या खोलीत व्हायची, सोफ्यापासून दारापर्यंत चार पावलं, शेवटचं वाक्य बोलत बोलत मुलगी दारापाशी पोचायची आणि वळून बघायची, सुंदर बसलं होतं. प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर तेच अंतर सात पावलं निघालं. वाक्य संपलं आणि पुढची तीन पावलं ती बिचारी काहीच न बोलता चालत राहिली, त्या शांततेत सगळा प्रवेश सुटला. तेव्हापासून आम्ही आधी रंगमंच टेपने मोजून येतो आणि तालमीच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने दारं, खिडक्या, विंगा म्हणजे नट आत-बाहेर करतात त्या बाजूच्या जागा, सगळं आखून घेतो. खोली लहानच असेल तर निम्माच रंगमंच आखा, पण खऱ्या मापाचा आखा.

नेपथ्यावर पैसे ओतू नका. पॅरिसमध्ये 1887 मध्ये अँद्रे आंत्वान नावाच्या गॅस कंपनीतल्या कारकुनाने हौशी नटांना घेऊन नाटक केलं तेव्हा आईच्या घरचं फर्निचर हातगाडीवरून आणलं होतं, आणि युरोपातल्या वास्तववादी रंगभूमीचा विषय निघाला की आजही त्याच्यापासून सुरुवात होते. एक खरी खुर्ची आणि एक खरं टेबल पुरतं. प्रकाशाला पण समोरून दोन बाजूंनी 45 अंशांच्या आसपास दोन दिवे लावले की चेहरे नीट दिसतात, तिथून सुरुवात करा. फक्त लोडचा हिशोब करा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, 230 व्होल्टच्या 15 अँपिअर पॉइंटवर 1000 वॅटचे तीन दिवे म्हणजे जवळपास मर्यादाच आली, चौथा लावायचा नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि बाहेर पडायच्या दारासमोर सामान रचू नका.

आता बॅकस्टेज. ग्रुप टिकतो तो इथे, असं माझं ठाम मत आहे. एक माणूस फक्त वही सांभाळायला ठेवा, संहितेच्या प्रत्येक पानासमोर कोरं पान, त्यावर पेन्सिलने कुठल्या शब्दाला दिवा बदलतो, कुठे आवाज येतो, कोण कुठल्या विंगेतून येतो. पेन्सिलनेच, कारण सगळं बदलत राहतं. आणि प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंचं, टेबल असं करा, टेबलावर मोठा पांढरा कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून भोवती पेनने कड काढा आणि आत नाव लिहा, चष्मा, पत्र, किल्ली. अंधारात एक नजर टाकली की रिकामी कड दिसते आणि काय परत आलेलं नाही ते लगेच कळतं.

मग एक नियम पहिल्याच मीटिंगला सांगून टाका, या नाटकात ज्याची मोठी भूमिका तो पुढच्या नाटकात बॅकस्टेजला, आणि ज्याने पडदा ओढला त्याला पुढच्या वेळी ऑडिशनचा पहिला हक्क. सुरुवातीला कुरकुर होते, होऊ दे. पण यामुळे प्रत्येकाला पुढच्या नाटकात काहीतरी कारण राहतं. ऑडिशनला येऊन निवड न झालेल्यांना पण रिकामं पाठवू नका, शिवणकाम येतं का, सुतारकाम येतं का, पोस्टर रंगवाल का, हे त्याच दिवशी विचारा. एरवी चित्रकार त्याच्या घरी चित्र काढतो, गाणारी तिच्या घरी गाते, एकमेकांना ओळखत पण नाहीत, नाटकाच्या निमित्ताने सगळे एका तारखेसाठी एका खोलीत कामाला लागतात आणि मग पुढे त्यांची आपापली कामं पण एकत्र सुरू होतात. एखाद्या भागात नाटकाचा ग्रुप असला की एवढं होतं, आणि हे थोडं नाही.

पैशांचा हिशोब सगळ्यांना दिसेल असा ठेवा, एकाच माणसाच्या खिशातून नाटक करू नका, आणि तिकिटाचा ठरलेला हिस्सा पुढच्या संहितेसाठी बाजूला काढा, उरलं तर काढू असं म्हणलं की कधीच उरत नाही.

प्रयोग संपला की सगळ्यांनी थांबून सेट उतरवायचा, मुख्य नटाने पण. आणि त्याआधी, सगळे नमस्काराला उभे असतानाच, पुढच्या नाटकाच्या वाचनाची तारीख रंगमंचावरून सांगून टाका, नाटक ठरलं नसलं तरी तारीख सांगा. बाहेर पडायच्या दाराशी एक वही ठेवा, पेन दोरीने बांधून, आणि शेजारी आपल्यातलं कोणीतरी बोलकं माणूस उभं करा, वहीत दोनच रकाने, नाव आणि काय करायला आवडेल.