पुरवठादाराच्या नावाचा मेल आला, पैसे भलत्याच खात्यात गेले: परत कसे मिळाले
वेर्ण्याच्या कारखान्यात जुन्या मेलच्या साखळीतच ‘बँक खातं बदललंय’ असं उत्तर आलं. बिल तंतोतंत, मेलच्या पत्त्यात मात्र ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून. आरटीजीएस झालं, दुसऱ्या दिवशी खऱ्या पुरवठादाराचा तगादा. शाखेतला साधा अर्ज पडून राहिला. जीव मेटाकुटीला आला.

उपयोग झाला तो असा: आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), रक्कम, वेळ, दोन्ही खाते क्रमांक हाताशी ठेवून. मिळालेला तक्रार क्रमांक लगेच आपल्या बँकेला लेखी. त्यामुळे पुढच्या खात्यात शिल्लक होती तेवढी रक्कम गोठली. मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून, कसा आला याची तांत्रिक नोंद) जपून ठेवला; नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर जातात. गोठलेले पैसे आपोआप परत येत नाहीत: बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज, मग आदेशाची प्रत बँकेला.

मेलबॉक्समध्ये आपले मेल गुपचूप चोराकडे पाठवणारा फॉरवर्डिंग नियम असेल, तर तोही काढा. नुसता पासवर्ड बदलून तो जात नाही.