नाशिक जिल्ह्याचं मार्केट कुठे चाललंय, हे तीन महिने आधी कसं ओळखायचं

जिल्ह्याच्या उत्पन्नाचा सरकारी आकडा येईपर्यंत सीझन संपलेला असतो, त्यावर दुकानात माल भरायचा म्हणजे वरातीमागून घोडं. जीएसटी दर महिन्याच्या १ तारखेला कळतो खरा पण तो अख्ख्या राज्याचा, आणि तोही मागच्या महिन्यात जमा झालेला, म्हणजे त्याच्याही आधीच्या महिन्यातल्या विक्रीचा. म्हणून पैसा यायच्या आधी जे हलतं ते बघायचं.

एक्सेल शीट उघडा आणि कांद्यापासून सुरू करा. अ‍ॅगमार्कनेटवर (बाजार समित्यांच्या भावांची सरकारी वेबसाइट) लासलगावची रोजची आवक आणि भाव मिळतो. नुसता भाव बघू नका, इथेच बरेच जण फसतात. समजा भाव दीडपट झाला पण आवक निम्मी झाली, तर बाजारात पैसा कमीच आला ना! दोन्हीचा गुणाकार करून महिन्याची बेरीज घ्या. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीतून (कांदा साठवायच्या शेडमधून) दिवाळीपर्यंत विकला जातो, त्यामुळे हा पैसा एकदम नाही, हप्त्याहप्त्याने गावात येतो. दिल्लीच्या बातमीवरही लक्ष ठेवा, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव कसे आपटले ते आठवत असेलच.

मग वाहन डॅशबोर्डवर (गाड्यांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) महाराष्ट्र, नाशिक आरटीओ निवडून ट्रॅक्टरचं पासिंग, म्हणजे नवी नोंदणी, काढा (मालेगावचं आरटीओ वेगळं आहे, ते विसरू नका). आता खरी गोची इथे आहे, मागच्या महिन्याशी तुलना चालत नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी लागते आणि तीही कधीकधी चुकते, कारण दिवाळी २०२३ ला नोव्हेंबरच्या मध्यात होती आणि २०२५ ला ऑक्टोबरात, म्हणून मी ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्रच धरतो. पितृपक्षातला खड्डा बघून तर घाबरूच नका. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे त्याच्या आधी थांबलेली आणि नंतर उसळलेली खरेदी म्हणजे काही शेतकरी अचानक श्रीमंत झाला असं नाही.

द्राक्षाचं सोपं आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल निघतो, तेव्हा छाटणी पावसामुळे लांबली की पैसाही लांबला. धरणसाठा ऑगस्टअखेर एकदा बघितला तरी पुरे.

कारखान्यांचं मात्र वेबसाइटवर काही मिळत नाही. सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या टेम्पोवाल्यांना विचारा आठवड्यात किती खेपा झाल्या, कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे का. ओव्हरटाइम आधी बंद होतो, माणसं नंतर कमी होतात.

यातले तीन आकडे सलग तीन महिने एकाच दिशेने गेले तरच मी ऑर्डर बदलतो, एका महिन्यावर कधीच नाही.