फेब्रुवारीच्या पेरणीची जुळवाजुळव

पुण्यात निवडुंगाच्या बिया पेरायला मला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात सोयीचा वाटतो. दिवसा पारा तिशीच्या आसपास, रात्री गारवा, आणि पावसाळी दमटपणा अजून लांब. पण हट्टी बियांची तयारी फेब्रुवारीत सुरू करून भागत नाही, डिसेंबरातच हात घालावा लागतो.

आधी पाकिटावरचं साल बघा. फ्रायलिया आणि ब्लॉसफेल्डिया या निवडुंगांच्या बिया लवकर मरतात, त्या ताज्याच हव्यात. फड्या निवडुंगाचं उलटं आहे. वर्ष-दोन वर्षं मुरलेली बी ताजीपेक्षा बरी रुजते. बिया कुणाच्या झाडाच्या हेही विचारा. मेक्सिकोतला अ‍ॅझ्टेकियम रिटेरी हा निवडुंग सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या परदेशी व्यापारावर सगळ्यात कडक बंधनं आहेत. डोंगरावरून ओरबाडलेली बी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

स्क्लेरोकॅक्टस किंवा पेडिओकॅक्टस हे निवडुंग लावणार असाल तर फ्रीजमध्ये जागा करा. ही झाडं अमेरिकेतल्या युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना अशा बर्फ पडणाऱ्या कोरड्या मुलखातली. थंडी भोगल्याशिवाय त्यांची बी जागी होत नाही आणि आपली पुण्याची थंडी तिला पुरत नाही. ओलसर परलाइटमध्ये (कुंड्यांसाठी मिळणारे हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) बिया मिसळून झिपच्या पिशवीत भरायच्या आणि 4 अंशांच्या आसपास सहा ते आठ आठवडे ठेवायच्या. बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली. पिशवीवर तारीख आणि ‘टाकू नये’ असं ठळक लिहा. घरात फ्रीज आवरणारे हात अनेक असतात.

फड्याच्या बियांना जास्त वेळ द्या. बोंडातून काढलेली बी मसुराएवढी, चपटी, फिकट आणि हाडासारखी टणक असते. गर पूर्ण धुवून काढा, चिकट राहिला तर बुरशी तिथूनच धरते. मग हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर आणा, बी चिमटीत धरा आणि हलक्या हाताने घासा. कवचाचा रंग जरासा बदलला की थांबायचं. आतला अंकुर कडेकडेने वळलेला असतो, त्यामुळे एक घासणी जास्त झाली तरी तो दुखावतो. म्हणून पहिल्या चार-पाच बिया सरावाच्या धरा. नंतर दिवसभर कोमट पाण्यात भिजत घाला.

माती म्हणजे खरं तर माती नाहीच. विटेचा चुरा, जाड वाळू आणि परलाइट चाळून घ्या, धूळ टाकून द्या. शेणखत, गांडूळखत नको, बंद डब्यात बुरशीला तेवढं निमित्त पुरतं. मिश्रण ओलसर करून कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास वाफवा आणि झाकण न उघडता रात्रभर निवू द्या. पाणी उकळून गार केलेलं. छोट्या कुंड्या, मिठाईचे पारदर्शक डबे, सुई आणि थर्मामीटर एका ट्रेमध्ये काढून ठेवा.

अ‍ॅझ्टेकियमची बी धुळीसारखी असते. दुमडलेल्या पांढऱ्या कागदावरून टिचकी मारत पेरा आणि वर काहीही पसरू नका, तिला उजेड लागतो. फड्याची बी तिच्या जाडीइतकी झाकली तरी चालते. डबा उन्हात ठेवायचा नाही, आत भट्टी होते. वीतभर वर पांढरी एलईडी ट्यूब, रोज 12 ते 14 तास.

आता जागा. जिथे डबा वर्षभर कुणी हलवणार नाही असा कोपरा पेरणीआधीच ठरवा. पहिल्या खेपेला मी चार महिने वाट पाहून फड्याची कुंडी कागदावर उपडी केली. वाळूत एक बी सापडली, कवचाची झडप किंचित उघडलेली आणि त्या फटीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ बाहेर आलेलं. उपडी करताना ते मोडलं होतं. मला त्याची अजून हळहळ वाटते.

म्हणून लेबल शिसपेन्सिलीने लिहा, शाई उडते. जात, बियांचं साल, घासली की नाही, पेरल्याची तारीख. वहीत कुंडीमागे एक पान सोडा. कुजलेली बी दिसली तर सुईने उचलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. अ‍ॅझ्टेकियमची रोपं वर्षभरानेही मोहरीएवढीच दिसतील, तरी डब्याचं झाकण काढायची घाई नको. आणि फड्याच्या कुंडीत पावसाळा सरेपर्यंत काहीच आलं नाही, तर ती थंडीत कोरडी ठेवा आणि फेब्रुवारीत पुन्हा भिजवा. वहीतलं पान मात्र दोन वर्षांचं आखा.