शेततळ्यावर बदकाची पिल्लं वाचवायची कशी

पिल्लू दिवसा गेलं तर आधी घार, कावळा नि मुंगसावर संशय घ्या. रात्री गेलं तर रानमांजर, घूस किंवा साप. मराठवाड्यात उन्हाळ्यात ओढे आटले की ही सगळी जनावरं शेततळ्याकडेच येतात.

मुंगूस सगळ्यात चिवट. दाराखालच्या दोन बोटं फटीतूनही शिरतं. त्याला मारू नका, वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. वाट बंद करा. कोंबडीजाळी पुरत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी फूटभर गाडा आणि खालची कड बाहेर वळवा, म्हणजे उकरणारं जनावर तिथंच अडतं. छतही जाळीनं झाका.

तळ्यात मरळ असेल तर लहान पिल्लं सोडूच नका, ती खालून ओढते. प्लास्टिकच्या निसरड्या काठावर पिल्लं चढू शकत नाहीत, थकून बुडतात. गोणपाट गुंडाळलेली फळी पाण्यात उतरती बांधा.